सागाच्या पानांचा ढीग

संस्थेकडून अंगणवाडीत एक चित्रांचं पुस्तक आलं होतं. गळलेल्या पानांशी काय काय खेळावं, ते त्यात दाखवलं होतं. शेवटच्या चित्रात कुठल्या तरी थंड मुलखातली पोरं लालपिवळ्या पानांच्या ढिगात धडाधड उड्या मारत होती. आपल्याकडं अशा ढिगात काय येऊन बसतं, ते चित्रं काढणाऱ्याला कुठलं ठाऊक असायला!

येडशीच्या अंगणवाडीताई पौर्णिमाताईंना मात्र त्या पुस्तकानं याड लावलं. फाल्गुनात सागाची पानं गळाली तशी त्यांनी पोरांकडून पानांचे हत्ती करवून घेतले, मुखवटे करवून घेतले. राजपालनं तर झकास वाघ केला. पाच वर्षांचं हे पोर घरी बापाच्या पट्ट्याचा मार खायचं. कुणी डोकं खाजवायला हात वर केला तरी कोपऱ्यात दबायचं. चार महिने खपून ताईंनी त्याची भीती घालवली होती. इथं कुणी मारत नाही, हे त्याला आत्ता कुठं पटलं होतं.

शनिवारी पोरांनी चित्रातल्यासारखा उड्या मारायला ढीग रचला आणि ताईंनी उडी सोमवारवर ढकलली. चुकलं ते इथंच. दोन दिवस ढीग कुंपणाच्या दगडांना लागून तसाच पडून राहिला.

सोमवारी पहिला मान वाघवाल्या राजपालचा. तो पळत सुटला आणि ढिगातून कुकरची वाफ सुटावी तसा फूत्कार आला. घोणस! हाक मारायलाही वेळ नव्हता. ताईंनी झेप घेऊन त्याचा दंड धरला आणि जीव खाऊन त्याला मागं भिरकावलं. पोर ओट्याच्या कडेवर तोंडावर आपटलं. दात पडला, रक्ताची धार लागली. तेवढ्यात घोणशीनं ताईंच्या निऱ्यांवर झडप घातली. नशीब, दात कापडातच अडकले.

"सरका, ताई!" मदतनीस मालनमावशी फावडं घेऊन धावल्या. पहिल्याच घावात त्यांनी तिची पाठ मोडली. ताईंनी फावडं हिसकावून घेतलं आणि घावांवर घाव घालत सुटल्या. मुंडकं तुटलं, तुकडे उडाले, पानं रक्तानं चिकट झाली. पोरं किंचाळत होती, तरी त्या थांबेनात. त्यांना स्वतःचाच भयंकर संताप आला होता.

"मेली वो ती! बास करा आता!" मावशींनी त्यांचा हात धरला.

फावडं टाकून ताई राजपालकडं धावल्या. तो रडत नव्हता. तोंडातलं रक्त गिळत भिंतीला चिकटून उभा होता.

"परत न्हाय करणार, ताई," तो म्हणाला. "मारू नका."