आठ दिवसांचं परदेश

धाकटीला एका सत्रासाठी परदेशी शिकायला जागा मिळाली. दुसऱ्या कुणा बापाने बॅग विकत आणली असती. हिच्या बाबांनी तालीम ठेवली.

त्यांचा धंदाच तो. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत आग लागली तर काय करायचं, याच्या कवायती ते घेत. काहीही पेटलेलं नसताना चारशे माणसांना जिने उतरायला लावायचे, घड्याळ बघायचं आणि शांतपणे ‘पुन्हा’ म्हणायचं, यात तीस वर्षं गेली होती. घरच्यांनी त्यांना केव्हाच हात टेकले होते.

जागा पक्की करायचा कॉलेजचा अर्ज होता साधाच. तीन उद्दिष्टं लिहा, आणि मनाची तयारी कशी केलीत ते दहा ओळींत सांगा. शनिवारी पाचपर्यंत आला नाही तर जागा पुढच्या मुलीला. धाकटीने ‘आत्मविश्वास वाढवणे’ असं लिहिलं, तर बाबांनी विचारलं की आत्ता किती आहे, आणि वाढल्यावर मोजणार कशाने? चार वेळा खाडाखोड झाली. पाचव्या वेळी तिने पेन आपटलं. मग बाबांनी ठरवलं की गच्चीवरच्या खोलीत आठ दिवस परदेश. ये-जा बाहेरच्या जिन्याने, स्वयंपाक तिचा तिने, वर कुणी जायचं नाही, घड्याळ साडेचार तास मागे, फोन दिवसातून एकदा, दहा मिनिटं. जमलं तर शनिवारी अर्ज पाठवायचा, नाही जमलं तर विषय संपला.

धाकटीला जायचं होतं, म्हणून ती दात-ओठ खात वर गेली.

पहिल्याच दिवशी आई पायरीवर डबा ठेवून ‘पार्सल आलंय’ असं ओरडून पळाली. दुसऱ्या दिवशी दादा चार्जर शोधायला आला आणि तिचे बटाटे खाऊन गेला. खिडकीखाली बाबा उभेच, नळ वाहता राहिलाय का ते ऐकत. परदेशात एवढी वर्दळ असेल तर घरच बरं, असं तिला वाटायला लागलं. फोनवर तिने तिघांनाही फैलावर घेतलं.

बुधवारपासून मात्र सगळं शांत झालं. डबा नाही, दादा नाही. फोनवर फक्त बाबा, आणि आई कामात आहे एवढंच. चला, शिस्त लागली एकदाची, असं म्हणून धाकटी खूश झाली. एकटीने जेवायची तिला सवय झाली. एकदा ती पोटभर रडलीही, पण किती मिनिटं ते पाहिलं नाही, कारण बाबांनी तेही विचारलं असतं.

शनिवारी दुपारी तिला फाटकापाशी दादा दिसला, हातात औषधांची पिशवी. काय ते विचारल्यावर त्याने सांगून टाकलं. बुधवारपासून आईला एकशे तीन ताप होता. डॉक्टर दोनदा येऊन गेले होते. आणि धाकटी अठरा पायऱ्या वर बसून उद्दिष्टं लिहीत होती.

ती तडक आत गेली. आई उशीला टेकून बसली होती. आज ताप उतरलाय, मीच सांगू नका म्हटलं, असं सांगायला लागली. बाबा खुर्चीतून उठलेही नाहीत.

“तू परदेशात होतीस,” ते म्हणाले.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाला येईल ते ती बोलली. मग आवाज खाली आला.

“मला एकटं राहायची भीती नव्हतीच, बाबा. तुम्ही मला काही कळू देणार नाही, याची होती. तुम्ही नेमकं तेच केलंत.”

बाबांनी कबूल केलं की यापुढे बरं-वाईट सगळं त्याच दिवशी सांगू. धाकटीने आईच्या पायाशी बसून पहिलं उद्दिष्ट लिहिलं: घरची प्रत्येक बातमी ऐकायची आणि तरीही सत्र पूर्ण करायचं. मोजता येईल ना, असं तिने खोचकपणे विचारलं. बाबांनी मान हलवली. उरलेली दोन आणि तयारीच्या दहा ओळी तिने कुणालाही न विचारता लिहिल्या.

“आता सगळं सांगायचं ठरलंय,” बाबा म्हणाले, “तर एक राहिलंय. तालीम तुझ्या तयारीसाठी नव्हती. दुसऱ्याच दिवशी कंटाळून खाली येशील असं वाटलं होतं. तू जाऊ नयेस, असं मला वाटतं.”

धाकटीने कपाळावर हात मारला. या माणसाचं करावं तरी काय?

“मग सरळ सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी थांबली असतीस.”

‘नसते थांबले’ म्हणणं सोपं होतं. पण खरं बोलायचा हट्ट तिनेच धरला होता.

“थांबले असते,” ती म्हणाली, आणि पाचाला चार मिनिटं कमी असताना तिने अर्ज पाठवून दिला.