एका दिवसाचा उजेड

संग्रहालयाच्या खोलीत जलरंगातली अकरा चित्रं, सात दिवे, उत्तरेला एक खिडकी, तिच्यावर दोन पडदे आणि मधोमध एक बाक. प्रत्येक चित्रावर पन्नास लक्स उजेड, म्हणजे जेमतेम दिसण्यापुरता, दिवसाला आठ तास. त्याहून जास्त पडला की रंग उडतात. चित्रं जपण्याचं काम माझं; दिवे आणि पडदे मीच बसवून घेतले होते.

बाकावर दर मंगळवारी एक आजी येऊन बसायच्या. समोरचं चित्र त्यांच्या मुलीचं, भिंगरीचं. ती आठव्या वर्षी तापाने गेली. चित्र त्याच्या आदल्या वर्षी तिच्या वडिलांनी काढलेलं. तेही गेल्यावर आजींनी ते संग्रहालयाला दिलं. आता त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. नजर आणखी दोन-तीन महिनेच टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आमच्या उजेडात त्यांना चेहराच दिसत नव्हता.

"अगं, वीज महाग झालीय का तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. "एकदा नीट बघू दे. मग बसा खुशाल अंधारात."

मी संग्रहालयाच्या साहेबांना हिशेब दाखवला. पन्नास लक्स आठ तास म्हणजेच चारशे लक्स एक तास. एक दिवस चित्र झाकून ठेवायचं आणि त्या दिवसाचा सगळा उजेड आजींना द्यायचा. नियम काय वाऱ्यावर सोडायचे का, असं साहेब कुरकुरले, पण आकड्यांपुढे त्यांचं काही चालेना.

चारशे लक्समध्ये आजी चित्राला नाक लावून उभ्या राहिल्या. बराच वेळ.

"फ्रॉक निळा कसा? जांभळा होता. आणि गाल इतके फिकट... ही तर तापातली दिसतेय." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या दिव्यांनी गेला का गं रंग?"

घरी चित्र कुठे असायचं, ते मी विचारलं.

"पूर्वेच्या खिडकीसमोर. एकतीस वर्षं. सकाळचं ऊन थेट तोंडावर. अंधाराला फार भ्यायची ती."

मी म्हणाले, "कागद जुना झाला की होतं असं, आजी."

त्यांनी मान हलवली. "मी तरी तिला कधी अंधारात ठेवलं नाही."

तास संपायला वीस मिनिटं बाकी होती. दिवा कमी करायला त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्रेम उघडली. फ्रॉकच्या खालच्या कडेची, फ्रेमखाली झाकलेली नऊ मिलिमीटरची पट्टी जांभळी होती. तिथल्या जांभळ्यातला लाल रंग शंभर धरला, तर उघड्या भागात सतरा उरला होता.