शेवटच्या खुणेपाशी

माझी बायको जमुना मागच्या नोव्हेंबरात गेली. शुक्रवारी सकाळी चहा ठेवताना तिच्या छातीत कळ आली आणि बोईसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच रविवारी तिला पोरांना घेऊन शिरगावला जायचं होतं.

ती स्काऊट-गाईडचं एक पथक चालवायची. पगार वगैरे काही नाही, आवड म्हणून. आमच्या चाळीमागच्या मैदानावर दर रविवारी पंधरा पोरंपोरी यायची. आली की आधी एक जाड दोरी जमिनीवर गोल टाकायची. दोरीच्या आत दोन संघनायक बसायचे, मोनाली आणि हितेश, आणि आठवड्यात काय करायचं ते ठरवायचे. बाकीची पोरं कडेला. मोठ्या माणसांनी दोरीच्या बाहेर बसायचं आणि विचारलं तरच बोलायचं. हा नियम जमुनाचा.

"त्यांचा हात पुरत नाही तिथं आपण फक्त हात द्यायचा," ती मला म्हणायची. "डोकं त्यांचं."

मी कारखान्यात बॉयलरवर होतो. रिटायर झाल्यापासून मीही तिच्यासोबत जायला लागलो. पाण्याचे कॅन उचलणं आणि पोरांची डोकी मोजणं एवढंच माझं काम. गेलो किती, आलो किती.

पोरांचा आवडता खेळ माग काढण्याचा. आधी कोणीतरी वाटेवर खुणा ठेवून जायचं, दगडांचा बाण, गवताची गाठ, भिंतीवर खडूची रेघ. बाकीच्यांनी त्या बघत मागून यायचं. खूण हरवली तर इकडेतिकडे पळायचं नाही. शेवटची खूण सापडली असेल तिथंच उभं राहायचं, तीनदा शिट्टी वाजवायची आणि वाट बघायची. वाटेच्या शेवटी एक गोल असतो, मध्ये एक दगड. त्याचा अर्थ, मी घरी गेलो. खेळ संपला की ज्यानं वाट घातली त्यानंच सगळ्या खुणा पुसायच्या.

जमुना ही शेवटची खूण आधी कधीच ठेवायची नाही. आधीच्या दिवसांत ती सगळे बाण घालून यायची. गोल मात्र त्या दिवशी, पोरं निघाल्यावर स्वतः पुढे जाऊन घालायची आणि तिथंच उभी राहायची. पोरांना माहीत होतं, शेवटी बाई असतात.

ती गेली तेव्हा शिरगावला तिची एक वाट घालून तयार होती. बुधवारी ती एकटी जाऊन घालून आली होती. तेराव्यानंतर मला ते आठवलं. मी पालघरला उतरलो, रिक्षा केली आणि शिरगावच्या किल्ल्यावर गेलो. मागच्या बाजूला बोअरिंगपाशी पहिला बाण दिसला. जमुना डावखुरी. तिच्या बाणाची डावी बाजू नेहमी उजवीपेक्षा लांब व्हायची. हितेश त्यावरून तिला चिडवायचा, "बाई, तुमचा बाण लंगडतो." ती म्हणायची, "लंगडतो पण पोचतो ना?"

त्या लंगड्या बाणांमागं मी चालत गेलो. किल्ल्याच्या भिंतीला धरून, सुरूच्या झाडांतून, वाळू सुरू होते तिथपर्यंत. शेवटचा बाण समुद्राकडे तोंड करून होता. पुढं काही नाही. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो.

मग मी दर आठवड्याला जायला लागलो. गुरांनी हलवलेले दगड नीट लावायचे, पुसट झालेला खडू पुन्हा ओढायचा. पाचव्या की सहाव्या खेपेला मी तिच्या शेवटच्या बाणापुढं एक बाण ठेवला. डावी बाजू लांब ठेवून. का ठेवला ते मला नीट सांगता येणार नाही. घरी तिच्या चपला दाराशी तशाच होत्या आणि घर गप्प होतं. तिथं बाण पुढं गेला की वाटायचं, ती आहे, जरा पुढं गेलीय. पुढं पुढं आठवड्यातून दोन-तीनदा जायला लागलो. फेब्रुवारीपर्यंत माझे अकरा बाण झाले होते. वाळूवरचा बाण राहत नाही, म्हणून मी खडकांवर ठेवत गेलो. शेवटचा पार पुढच्या उंच खडकावर होता. पाणी चढलं की तिथपर्यंत जाता यायचं नाही.

जानेवारीत पोरं घरी आली. मोनाली पुढं. तिचं घर सातपाटीचं, आई मासे विकते, ती शिकायला मावशीकडे बोईसरला असते. पंधरा वर्षांची, पण बोलणं मोठ्या बाईसारखं.

"काका, मोठं माणूस सोबत नसलं तर आमाला बाहेर जाता येत नाय. तुमी याल?"

"मला त्यातलं काही येत नाही."

"तुमाला काय यायला नकोच हाय. बसायचं बाहेर," ती म्हणाली. मागं पोरं हसली. मी हो म्हटलं.

फेब्रुवारीत दोरीच्या आत त्यांचं ठरलं, शिरगावला जायचं. बाईंचं राहिलेलं करायचं. हितेशला तो पौर्णिमेचा रविवार हवा होता, मोनालीनं आधी नाही म्हणून मान हलवली.

"पौर्णिमेला पाणी खूप वर येतं. दुपारी बाराला भरती. जायचं तर माग किल्ल्यावरच घालायचा. सुरूच्या खाली कोणी उतरायचं नाय. कोणी म्हंजे कोणी."

"आणि उतरला तर?"

"तर तुला कोळंबीसारखा सोलीन."

मी दोरीच्या बाहेर बसलो होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं की तिथं आधीच एक वाट आहे. पण सांगितलं असतं तर पोरांनी ती पुसली असती. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही. तिच्याच नियमाआड लपलो.

आदल्या दिवशी, शनिवारी, मी खुणा पुसायच्या म्हणून शिरगावला गेलो. पहिल्या बाणापाशी बसलो. दोन दगड सरकले होते. ते नीट लावले आणि परत आलो.

रविवारी साडेनऊला पोरांचा खेळ सुरू झाला. मोनाली आणि हितेशनं माग पुढच्या दरवाज्याकडून घातला होता. त्यांनी बुरुजाच्या सावलीत गोल घातला आणि शेजारी मोनाली उभी राहिली. जमुनासारखीच. अकराच्या आसपास पोरं एकेक करून पोचली. मी डोकी मोजली. चौदा.

"बायडी कुठाय?" हितेश म्हणाला.

बायडी सगळ्यात लहान, अकरा वर्षांची. तिचे आईबाप जव्हारच्या डोंगरातले, बोईसरला इमारतीच्या कामावर येतात. गप्प पोरगी. जमुनानं सांगितलेलं एक अक्षर विसरायची नाही.

"पाणी प्यायला जाते म्हणाली," कोणीतरी म्हणालं. "मागं, बोअरिंगवर."

माझ्या हातातला कॅन खाली पडला. मी धावलो. या वयात कसा धावलो मला माहीत नाही. मागून मोनालीनं सोबत आणलेली जाड दोरी उचलली आणि तीही आली. बाकीच्यांना तिनं हितेशपाशी बसवलं.

पहिला बाण जागेवर होता. त्याच्या शेजारी वाळूत अनवाणी छोटी पावलं. "हा कोणाचा बाण?" मोनाली धावता धावता म्हणाली आणि मग तिनंच तो ओळखला. ती पावलांमागं पळत राहिली. मीही.

सुरूच्या खाली आलो तर पाणी आत आलं होतं. किनारा आणि खडक यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा आहे. ओहोटीला घोटाही भिजत नाही. भरतीला तो सगळ्यात आधी भरतो आणि ओढ घेतो. त्याच्या पलीकडं, पुढच्या उंच खडकावर, बायडी उभी होती. गळ्यात स्कार्फ, हात बाजूला सरळ. पायाशी माझा अकरावा बाण. पाणी तिच्या पावलांना लागत होतं आणि ती हलत नव्हती.

"बायडी, जागची हलू नको," मोनाली ओरडली. मग मला म्हणाली, "तुमाला पोहता येतं?"

"विहिरीत."

"हे विहीर नाय. दोरी बांधा कमरेला. मी तिरकी जाते."

"तू नाही. मी जातो."

तिनं माझ्याकडं पाहिलं, दोरी माझ्या कमरेला बांधली, दुसरं टोक सुरूला दोन फेरे देऊन हातात धरलं. "सरळ जाऊ नका. तिकडून उतरा. ओढ तुमाला तिच्याकडं नेईल."

तसंच झालं. छातीपर्यंत पाणी होतं, मध्ये एकदा पाय सुटले. खडकाला धरून वर आलो, पोरीला पाठीवर घेतलं. तिनं माझ्या गळ्याला हात घातले. मोनालीनं आम्हाला ओढून घेतलं. तिचे तळहात सोलले होते.

वाळूवर बसल्यावर मी बायडीला विचारलं, "पाणी येताना दिसलं नाही तुला? मागं का नाही फिरलीस?"

"फिरत होते. खाली उतरत होते," ती म्हणाली. "पुढची खूण नव्हती, म्हणून आदी थांबले. तीनदा वाजवली. कोनी नाय आला. पाणी आला तवा उतरायला गेले. मग तिकडून शिट्टी वाजली. एकदाच, लांब. म्हंजे थांबायचा. म्हणून थांबले."

एक लांब शिट्टी म्हणजे आहे तिथं थांबा. मी मोनालीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. तिनं वाजवली नव्हती.

"कुठून वाजली?"

बायडीनं समुद्राकडं बोट केलं. "बाईंची हाय ना, सुकी शिट्टी. तीच."

जमुनाच्या शिट्टीतली गोळी कधीच पडून गेली होती. इतरांच्या शिट्ट्या थरथरत वाजायच्या, तिची सरळ, कोरडी वाजायची. पोरं तिला सुकी शिट्टी म्हणायची. ती शिट्टी घरी दारामागच्या खिळ्याला होती. सकाळी निघताना मी ती पाहिली होती.

"अशी उतरली असती तर गेली असती," मोनाली हळू म्हणाली. त्या पट्ट्यातलं पाणी आता माणूसभर झालं होतं आणि फिरत होतं.

किल्ल्यावर परत आल्यावर पोरांनी ओली दोरी जमिनीवर गोल टाकली. मोनालीच्या हाताला रुमाल बांधला होता. ती आणि हितेश आत बसले. मी माझ्या जागी, बाहेर बसलो.

"काका, आत या," मोनाली म्हणाली.

मी पहिल्यांदा त्या दोरीच्या आत बसलो. सगळं सांगितलं. तिचे बाण किती, माझे किती. शनिवारी पुसायला आलो होतो तेही सांगितलं. शिट्टीचं बोललो नाही. पोरं ऐकत होती. कोणाला माझ्याकडं बघवत नव्हतं.

"तुमी विसरला असतात, तर वेगळं होतं," मोनाली म्हणाली.

"विसरलो नव्हतो."

"तेच तर."

हितेश खाली बघून दोरीचा पीळ उलगडत होता. "ज्यानं वाट घातली त्यानं पुसायची," तो म्हणाला. "बाईंचा नियम आहे. बाई नाहीत, तर त्यांचीही काकांनीच पुसायची. आणि गोल घालायचा. शेवट न घालता कोणी वाट सोडत नाही."

"आणि पावसाळ्यापर्यंत काकांनी आमच्यासोबत बाहेर यायचं नाय," मोनाली म्हणाली.

"मग आपल्यालाही जाता येणार नाही," हितेश म्हणाला.

"नाय जाता येणार. बसू मैदानावर." ती माझ्याकडं वळली. "आणि बायडीच्या आईला तुमी सांगायचं. आमी नाय सांगणार."

मी त्या संध्याकाळी सांगितलं. बायडीची आई कामावरच्या पत्र्याच्या खोलीपुढं भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. भांडं विसळून पालथं घातलं. राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "पोरगी म्हंते बाईंनी थांबवली." मग दुसरं भांडं पुढं ओढून, "आता थोडे दिवस नाय धाडणार तिला." मी बरं म्हटलं.

घरी आलो. दारामागच्या खिळ्याला शिट्टी होती. सकाळी होती तशीच. हात लावून पाहिला नाही. त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून झोपलो.

पुढच्या शनिवारी ओहोटी बघून एकटा गेलो. या वेळी शिट्टी खिशात घेतली. पुढच्या खडकावरून सुरुवात केली. माझे अकरा बाण एकेक मोडत मागं आलो. लाटांनी चार आधीच नेले होते. जमुनाच्या शेवटच्या बाणापाशी, सुरूच्या कडेला, गुडघ्यावर बसलो. छोटे दगड वेचले आणि गोल घातला. मधला दगड ठेवायला वेळ लागला. ठेवला.

मग ती उभी राहिली असती तिथं उभा राहिलो, समुद्राकडं पाठ करून, किल्ल्याकडं तोंड. इथून येणारी पोरं दिसतात. शिट्टी काढली आणि एकदा वाजवली, लांब. कोरडा आवाज झाडांत गेला. मी थांबलो. मागं पाणी वाजत होतं. दुसरं काही वाजलं नाही.

मग पुसायला लागलो. तिचे बाण एकेक करून, किल्ल्यापर्यंत. मोडायच्या आधी प्रत्येकाची लांब बाजू बोटानं मोजत होतो. बोअरिंगजवळचा पहिला बाण मोडून, भिंतीवरचा खडू ओल्या रुमालानं पुसून परत गोलापाशी आलो. नियमानं गोलही पुसायचा असतो. मधला दगड शेवटी उचलला. खिशात घालावासा वाटला. पण वाटेवरचं वाटेवरच ठेवायचं असतं, म्हणून तो इतर दगडांत टाकला. थोडं पुढं गेल्यावर वळून पाहिलं. कुठला होता ते ओळखू आलं नाही.