बॅटरी काढलेली सायकल

रविवारी सकाळी कॅप्टनची टोळी घरात शिरली की नर्सबाईंना नाक मुठीत धरून चहा करावा लागे. कॅप्टन म्हणजे त्यांचा नवरा; ही पदवी सायकल ग्रुपने दिलेली. अंगाला चिकटलेले चमकदार कपडे, घामट मोजे सोफ्यावर, आणि तोंडी एकच विषय: विजेवरची सायकल म्हणजे लबाडी. टेकडीच्या पायथ्यापर्यंत ही मंडळी सायकली मोटारींच्या टपावर बांधून जात, हे मात्र कधी बोलण्यात येत नसे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

विजेवरची सायकल नर्सबाईंची होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरोघरी जायचं, पाठीवर सामानाची पिशवी, आणि वाटेत चढच चढ. साध्या सायकलवर पहिल्या घरी पोचेपर्यंतच जीव अर्धा व्हायचा. विजेवरच्या सायकललाही पाय मारावेच लागत, पण चढावर मोटर हात देई आणि दिवसभराच्या उचलाउचलीला कंबर शिल्लक राही. "व्यायाम शून्य," कॅप्टन पाहुण्यांसमोर म्हणत, "आणि वर बॅटऱ्यांचा कचरा." पाहुणे हसत. कचऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पण सांगणारा कोण? नर्सबाईंना त्या हसण्याची किळस येई. तरी भांडणाला तोंड कोण फोडणार, म्हणून त्या कपबश्या गोळा करून आत जात.

सोमवारी सकाळी त्यांनी सायकल काढली तर बॅटरीची जागा रिकामी. त्यांनी नवऱ्याला फोन लावला. ते ऑफिसात पोचले होते. फार मायेने म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी केलंय, महिनाभर अशीच चालव, पुढे माझे आभार मानशील. मग मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

बस निघून गेली होती, टॅक्सी मिळेना. बॅटरीशिवाय ती अवजड सायकल हाकणं म्हणजे मेलेलं जनावर ओढणं. मोठ्या चढावर नर्सबाई उतरल्या आणि धापा टाकत ढकलू लागल्या.

पहिले रुग्ण शिंपीकाका. अर्धांगवायूने त्यांची एक बाजू गेली होती. लेक कारखान्यात कामाला. नर्सबाई आल्या की ती निघे, पुढे शेजारीण येऊन बसे, त्यामुळे म्हातारा एकटा असा राहायचाच नाही. आज वाट बघून बघून, दार नुसतं लोटून ती निघून गेली होती. आत पाऊल टाकताच वास आला. काकांना अंथरुणातच शी झाली होती, आणि चांगल्या हाताने चादर ओढून काढायच्या नादात ती घाण पाठीला, हाताला, उशीला लागली होती.

"माफ करा बाई," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "आज धरवलंच नाही."

असली घाण नर्सबाईंनी आजवर पुष्कळ काढली होती. तिची त्यांना शिसारी नव्हती. पाणी गरम केलं, काकांना कुशीवर घेतलं, पुसलं, चादर बदलली.  शिसारी आली ती नवऱ्याची. म्हाताऱ्याने माफी मागायची आणि ज्याने ही वेळ आणली त्याने आभारांची वाट बघायची!

संध्याकाळी कॅप्टन मोटारीतून उतरले तेव्हा नर्सबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बॅटरी मागितली. कॅप्टननी हसत डिकी उघडली. बॅटरी तिथेच होती, हेल्मेटशेजारी. म्हणजे ती दिवसभर मोटारीतून ऑफिसला जाऊन आली होती. आणि ऑफिस तर शिंपीकाकांच्या घरापेक्षा जवळ, रस्ताही सपाट.

"तुम्ही का नाही जात सायकलने?" नर्सबाईंनी विचारलं.

"अगं, घाम येतो. चार लोकांत बसायचं असतं. वास मारत बसणं बरं दिसतं का?"

 काकांचं सगळं सांगायचं, काही काही वगळायचं नाही, असं नर्सबाईंनी ठरवलं होतं. पण ह्या माणसापुढे त्या म्हाताऱ्याची लाज उघडी करायला आता त्यांचं मन धजेना. त्यांनी बॅटरी उचलून आत नेली, चार्जिंगला लावली, आणि पलंगावरची आपली उशी बाहेरच्या खोलीत आणून टाकली.

"आता हे काय?" कॅप्टननी विचारलं.

"वास येतो," त्या म्हणाल्या.