स्विच कोणत्या काठाला

डोंग्याच्या डाव्या काठावर, वल्हं घासतं तिथं, लाकूड बोटाच्या पेराएवढं झिजून काळं, गुळगुळीत झालं होतं. समोर उजव्या काठावरही तसाच खळगा होता. पण उथळ, आणि आतलं लाकूड अजून पिवळट. हरिदासने दोन्हींवरून अंगठा फिरवला. ट्रॅक्टरच्या वायरिंगला हात घालण्यापूर्वीही तो असाच आधी सगळीकडे चाचपून घेई. एखादी वस्तू कुठं झिजते ते कळलं की ती कशी चालते तेही कळतं, असं त्याला वाटे.

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागं त्याचं दुकान होतं. ट्रॅक्टर, जीपगाड्या, जयंतीच्या मिरवणुकीतले दिवे, सगळ्यांचं वायरिंग त्यानं केलं होतं. डोंग्याचं मात्र हे पहिलंच. गावात विजेचे खांब येऊन काही वर्षं झाली होती, नदीवर मात्र अजून कंदीलच. त्यामुळे गोविंदा ढीवर आपल्या डोंग्यावर दिवा बसवायला बोलवायला आला, तेव्हा सायकलच्या कॅरियरला बॅटरी बांधून तो लगेच वैनगंगेच्या घाटावर आला.

“गोविंदा, डोंग्यात लायटिंग करून राह्यला? वरात नेतं का?” शेजारी जाळं सांधत बसलेला पत्रू ओरडला.

“तुलेच नेतो नवरदेव करून. बायकोनं हाकललं ना तुले?” गोविंदा म्हणाला.

गोविंदाची मुलगी मैना डोंग्याच्या तळातलं पाणी डब्यानं उपसत होती. नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि बापाबरोबर पहाटेच्या अंधारात डोंग्यात जाऊ लागली. पाणी उपसायला येते, असं गोविंदा घाटावर सांगे.

हरिदासने दिवा पुढच्या टोकावर ठेवून पाहिला. बॅटरी मागं, पण अगदी मधोमध. नाहीतर डोंगा एका अंगाला कलला असता. बॅटरीपासून दिव्यापर्यंत त्यानं एक वायर ओढली आणि दिव्याचं दुसरं टोक, हाताच्या सवयीनं, पुढच्या लोखंडी कडीला बांधलं. बॅटरीची उरलेली बाजू मागच्या कडीला. दिवा लागला नाही. बल्ब बदलला, तरी नाही. मग तो स्वतःशीच हसायला लागला.

“काऊन जी, काय झालं?” मैनानं विचारलं.

“अवो, मी याले ट्रॅक्टरच समजून राह्यलो. तिथी एकच वायर लागते. करंट लोखंडाच्या बाडीतून वापस येते. इथी तर सारं लाकूड!”

“पाण्यातून नाई येत का वापस?”

हरिदास थांबला. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं कड्यांना बांधलेली दोन्ही टोकं सोडवून तळातल्या पाण्यात बोटभर अंतरावर धरली. दिवा काही लागला नाही. पण एका टोकावर मोहरीहून बारीक बुडबुडे जमू लागले. दोघंही वाकून पाहत राहिली. एक बुडबुडा सुटून वर आला.

“येते तर,” मैना म्हणाली.

“येते, पन दिवा लागाएवढा नाई. अन् हळूहळू तांबं खाऊन टाकन. दोन वायरी पायजे. काठाखालून, पाण्याच्या वर.”

आता राहिला स्विच. तो वल्हवणाऱ्याच्या मोकळ्या हाताशी हवा. वल्हं डावीकडं, तर स्विच उजवीकडं. गोविंदा स्विचसाठी पाडायच्या भोकाभोवती लावायला डांबर आणण्यासाठी घराकडं गेला होता. हरिदासने उजव्या काठाला खडूनं खूण केली. मैनाचा डबा हातातच थांबला.

“वल्हं डावीकडंच ना?” त्यानं विचारलं.

तिनं पत्रूकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बा डावीकडून मारे, भाऊ. मी उजवीकडून मारते. दिवस बुडला का त्याले दिसत नाई. मांगं हवेनं कंदील इझला. पेटवाले मी वल्हं सोडलं, अन् डोंगा खडकावर गेला. मरता मरता वाचलो.”

“घाटावर कोनाले मालूम नाई?”

तिनं नाही म्हणून मान हलवली. हरिदासला वेगळं काही विचारावं लागलं नाही. त्या घाटावर ज्याच्या हाती वल्हं, त्याच्या नावानं डोंगा ओळखला जाई. बाईच्या नावाचा डोंगा तिथं कधी नव्हता. आणि ज्याच्या हातचं वल्हं गेलं, त्याला त्याच दिवसापासून सगळे बुढा म्हणू लागत.

गोविंदा डांबराचा डबा घेऊन आला. हरिदासने गिरमिट हातात घेतलं.

“भाऊ, भोक कोन्या काठाले पाडू?”

“पाड कुठीबी.”

“कुठीबी कसा पाडू? वल्हं मारनाऱ्याच्या मोकळ्या हाताशी पायजे. अंधारात चाचपत बसाचं नाई.”

“मंग दोनीकडं पाड.”

“एका दिव्याले दोन स्विच? अन् भोक पाडलं का पाडलं, भाऊ. लाकूड वापस येत नाई.”

पत्रूनं जाळं मांडीवर ठेवलं. “काय रे गोविंदा! सोताच्या डोंग्याचं वल्हं कोन्या हातानं मारतं, थेबी इसरला का?”

गोविंदा हसला नाही. डांबराचा डबा त्यानं वाळूत टेकवला. डोंग्याजवळ येऊन खडूची खूण बोटानं चाचपली, मग पाण्यात हात बुडवून ती सावकाश पुसून टाकली. मैना खाली मान घालून उभी होती.

“डावीकडं पाड,” तो म्हणाला. आणि पत्रूकडं वळून, सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “वल्हं मैना मारते. डोंगा आता मैनाचा हाये.”