सेनापती खोटं बोलतोय

रविवारी संध्याकाळी सेनापतीने राणीला दगा दिला आणि सोमवारी सकाळी आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. आता यात माझा काय दोष, सांगा! मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, फोन घेते, पेशंटना आत सोडते. दगा दिला तो 'धुक्यापलीकडचं राज्य' नावाच्या ॲनिमेशन मालिकेतल्या सेनापतीने. पण त्या सेनापतीचा आवाज पडला आमच्या ह्यांचा. मग काय, सगळं खापर माझ्या डोक्यावर.

मालिका माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. उडते डोंगर, बोलणारे ड्रॅगन आणि सिंहासनावर बसलेली एक कोवळी पोर. या राणीला सेनापतीने अगदी लहानपणापासून खांद्यावर खेळवलेलं. तिच्यासाठी त्याने एक डोळा गमावलाय. आणि त्या रविवारच्या भागात त्याच माणसाने किल्ल्याचा दरवाजा शत्रूसाठी उघडला आणि तिच्या तोंडावर सांगितलं, "राणी, आजपासून मी तुझा नाही." संपला भाग. काळा पडदा. माझ्या हातातला चहा तसाच थंड झाला.

लोकांनी जो काही गळा काढला म्हणता! आमचा चाहत्यांचा एक ग्रुप आहे, फोनवर. त्यात शाळेची व्हॅन चालवणारे एक काका आहेत. त्यांनी व्हॅनवरचा सेनापतीचा स्टिकर तिथल्या तिथे नखांनी खरवडून काढायला घेतला, पण तो निम्माच निघाला. आता नुसती मिशी घेऊन व्हॅन गावभर फिरते. एका केकवाल्या बाईने वाढदिवसाच्या केकवरचा सेनापती सुरीने सपाट केला आणि त्या जागी चेरी ठेवली. ज्याचा वाढदिवस, तो चार वर्षांचा मुलगा चेरीकडे बघून भोकाड पसरून रडला. आणि आमच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून विचारत होत्या, "डोळा गमावला, तेव्हा काय नाटक केलं होतं का मेल्याने?" पेशंटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बघ, बघ," बाई मला म्हणाल्या, "यांनाही किती लागलंय!" अहो, त्या बिचाऱ्याला इंजेक्शन अजून लागू पडलं नव्हतं.

बोलणं टाकल्यानंतर बाई माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलल्या ते हेच. दुसरं असं, "तुझ्या नवऱ्याला सांग, दाढ दुखली तर दुसरा दवाखाना बघ."

मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण मला माहीत होतं, सेनापती फितूर नाही. कुणी सांगितलं नव्हतं, मी कानांनी ऐकलं होतं.

त्याचं असं आहे. आमचे हे खरं बोलतात तेव्हा पुटपुटतात. निम्मे शब्द मिशीत अडकतात, उरलेले पोटात जातात. पण खोटं बोलायचं असलं की आवाज कसा धुऊन इस्त्री करून येतो! "मी बाहेर काहीच खाल्लं नाही." "वीजबिल कधीच भरलं." एकेक शब्द सुटा, स्वच्छ, घडी घातलेला. लग्नानंतर महिन्याभरात मला ही खूण कळली आणि मी ती त्यांना आजतागायत सांगितलेली नाही. शहाणी बाई असं हत्यार नवऱ्याला दाखवत नाही. एरवी सेनापतीही मिशीतच गुरगुरतो. पण "राणी, आजपासून मी तुझा नाही" हे वाक्य? कडक इस्त्री! हा तर आमच्या घरातला 'मी काहीच खाल्लं नाही' वाला आवाज!

दुपारच्या सुट्टीत मला राहवलं नाही. ग्रुपवर लिहिलं, "सेनापती खोटं बोलतोय. राणीला वाचवायला नाटक करतोय. मी त्याला चांगली ओळखते." आणि डबा उघडून जेवायला बसले.

मी काडी टाकली आणि इकडे वणवा पेटला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य कुठल्या कुठे गेलं. लोक तो संवाद पुन्हा पुन्हा ऐकू लागले. व्हॅनवाले काका विचारू लागले, स्टिकर परत मिळेल का. डॉक्टरीणबाईंनी तर मला आपल्या हाताने कॉफी करून दिली. मी खुशीत घरी आले तर हे दारातच उभे, चेहरा पांढराफटक.

"ते तू लिहिलंस?"

"लिहिलं. का? खरं नाही?"

ह्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, ही गोष्ट तीनच माणसांना माहीत आहे. लिहिणारा, दिग्दर्शिका आणि मी. करारात लिहिलंय, घरी एक शब्द फोडला तर दुसऱ्या दिवसापासून दुसरा आवाज. मघाशी फोन आला होता. बुधवारी दोघांना बोलावलंय."

ह्यांना दुसरं काही येत नाही हो. पंधरा ठिकाणी हात मारून झाले, कुठे दिवे लागले नाहीत. हा सेनापती मिळाला तेव्हा कुठे माणूस ताठ मानेने चालायला लागला. आणि मी माझ्या जिभेपायी त्यांच्या पोटावर पाय आणला! दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मग बुधवारी सकाळी मीच बजावलं, "तुम्ही गप्प बसायचं. मी बोलणार."

रेकॉर्डिंगची ती खोली म्हणजे एक प्रकरणच आहे. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मध्ये मोठी काच, खुर्च्या अशा की बसलं तरी कुरकुरणार नाहीत. निर्माते दोन फोन मांडीवर घेऊन बसले होते. दिग्दर्शिकाबाई अंगाने काडी, आवाजाने त्याहून बारीक. कोपऱ्यात यंत्रापाशी रेकॉर्डिंगवाला चहा पीत होता.

"यांनी मला काही सांगितलं नाही," मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. "मला ते ऐकू आलं. हा माणूस खोटं बोलला की मला ऐकू येतं."

निर्माते असे हसले की मला तिडीकच आली. "बाई, असं सगळ्या बायकांना वाटतं."

"मग घ्या परीक्षा!" मी म्हटलं. बोलून तर गेले, पण ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच किल्ल्याचा दरवाजा उघडला होता.

ह्यांना काचेपलीकडे माईकसमोर उभं केलं. मला काचेकडे पाठ करून बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले. दिग्दर्शिकाबाई आधी म्हणाल्या, "पुढच्या भागांतले संवाद ऐकवते, त्यातले खोटे ओळखा." मी दोन्ही हातांनी हेडफोन उपटले. "नको! मला पुढचं कळेल!" निर्मात्यांना वाटलं मी घाबरले. अहो, नवऱ्याची नोकरी नवऱ्याच्या जागी, पण असं मधूनच कोण ऐकतं?

शेवटी निर्मात्यांनीच प्रश्न विचारायचे ठरलं.

"सकाळी काय खाल्लं?"

"दोन टोस्ट," कानात स्वच्छ आवाज आला.

"खोटं," मी म्हटलं. "चार. वर लोणी."

काचेपलीकडून खोकला ऐकू आला.

"लहानपणी कशाला घाबरायचात?"

काहीतरी पुटपुट झाली, त्यातला 'कोंबडी' एवढा एकच शब्द कळला.

"खरं," मी म्हटलं. मलाही नवीनच होतं ते.

निर्मात्यांना आता मजा वाटायला लागली होती. "मी मालिकेचं शीर्षकगीत स्वतः लिहिलं. कसं वाटतं?"

"अतिशय सुंदर. थेट काळजाला भिडतं."

एकेक शब्द परीटघडीचा! दिग्दर्शिकाबाईंनी विचारलं, "काय?" मी म्हटलं, "सांगायलाच हवं का?" कोपऱ्यात रेकॉर्डिंगवाल्याचा चहा नाकातून बाहेर आला. निर्मात्यांनी उगीचच एक फोन उचलून बघितला.

"गुपित घरी सांगितलं होतं?" हा प्रश्न दिग्दर्शिकाबाईंनी विचारला.

"नाही हो... एक अक्षर... शप्पत," अशी मिशीतल्या मिशीत गुरगुर झाली.

"खरं," मी म्हटलं. किती सरळ आहे हा माणूस, असं वाटलं.

एवढ्यावर सुटायला काय हरकत होती? पण त्या बारीक आवाजाच्या बाईचं समाधान होईना. माईकशी वाकून ती म्हणाली, "एकच शेवटचं. इतक्या वर्षांत हिला न कळलेलं असं एकही खोटं तुम्ही बोलला नाहीत?"

ह्यांनी घसा साफ केला. "नाही. एकही नाही. कधीच नाही."

माझ्या कानात तो आवाज आला. धुतलेला. इस्त्री केलेला. बटणं लावून हँगरला टांगलेला.

म्हणजे होतं! माझ्या या कानांखालून काहीतरी निसटलं होतं, तेही या कोंबडीला घाबरणाऱ्या माणसाकडून! आणि 'खोटं' म्हणावं, तर माझा कान कच्चा ठरतो. कान कच्चा, तर हे सगळं थोतांड, आणि मग उद्यापासून सेनापतीला दुसरा आवाज. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला इतका राग आला होता की कानशिलं तापली होती.

"खरं," मी म्हटलं. आमच्या ह्यांना इतक्या वर्षांत जमलं नाही इतकं सफाईदार.

दिग्दर्शिकाबाई हसल्या. "चला, म्हणजे संवाद फारच चांगला बोलला गेला म्हणायचा." निर्माते म्हणाले, "काम चालू ठेवा. फक्त बाईसाहेबांनी आता ग्रुपवर दातांबद्दल लिहावं."

फाटकाबाहेर पडेपर्यंत मी दम धरला. मग ह्यांची बाही पकडली. "काय लपवलंत?"

"कुठे काय—"

"पुटपुटत सांगा!"

ह्यांनी मिशी ओढली, रस्त्याकडे बघितलं. मग अगदी खालच्या आवाजात, निम्मे शब्द गिळत म्हणाले, "मला ती मालिका आवडत नाही."

"काय?"

"कंटाळा येतो गं. नुसते उडतात. आणि पुढचं सगळं मला माहीतच असतं, आवाज आधी होतात, चित्रं नंतर. तू शेजारी बसतेस, तुझं ते बघणं... म्हणून मीही बसतो. ड्रॅगन आला की दचकतो. बोललो असतो तर तू पकडलं असतंस. म्हणून नुसता दचकतो."

सेनापतीने राणीला दिला तो दगा काहीच नाही हो! पहिल्या भागापासून मी या माणसाचा दंड धरून किंचाळले, आणि हा माझ्या शेजारी बसून पगारी नटासारखा दचकत होता! बिनपगारी, खरं तर. घरापर्यंत मी तोंडाचा पट्टा सोडला. "यापुढे रविवारी माझ्या शेजारी बसायचं नाही," शेवटी सांगून टाकलं. "नाटकं मला पडद्यावर पुरतात."

"बरं," ते म्हणाले. पुटपुटतच.

रविवार आला. मी सोफ्यावर एकटी, ऐसपैस पाय पसरून. हे स्वयंपाकघरात. पडद्यावर सेनापती अंधारकोठडीच्या जिन्याने उतरत होता, हातात एकच किल्ली, आणि जिन्याखाली काहीतरी श्वास घेत होतं. मी हात बाजूला टाकला दंड धरायला. हाताला उशी लागली. स्वयंपाकघरात कप धुवायचा आवाज येत होता. एकच कप किती वेळ धुणार माणूस? काय त्या भागाचं मेलं, रंगच चढेना. किल्ली कुलपात गेली तरी काळजात काही होईना. मी रिमोट उचलला आणि भाग थांबवला.

"अहो!"

कप थांबला.

"इकडे या. बसा इथे. आणि दचका."

ते ओले हात पँटला पुसत आले. आपल्या जागी बसले. मी त्यांचा दंड धरला आणि भाग सुरू केला. कोठडीचं दार किलकिलं व्हायला लागलं, आत नुसता अंधार, अजून काहीच दिसत नव्हतं. आणि आमचे हे जोरात दचकले.