दहावा शब्द

एकोणीसशे एकसष्ट साली, उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका बुधवारी दुपारी सुतळी नावाची पोर जेवणाचा डबा छातीशी घट्ट धरून गिरणीच्या दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. टेबलामागच्या कारकुनानं भुवई उंचावली, तेव्हा तिनं नुसता डबा वर करून दाखवला.

"आईचा का? मग थांब तिथंच. आत यायचं नाही."

आत यायचं नव्हतंच तिला. दारातच उभी राहा, असं आईनं सकाळी सांगितलं होतं.

खोलीच्या मधोमध एका लोखंडी खुर्चीत आई दाराकडे तोंड करून बसली होती. तिच्या केसांत कापसाचं पीस अडकलं होतं. समोर नवे डॉक्टर उभे होते, उंच, किंचित पोक काढलेले, हातात वहीच्या आकाराचा पुठ्ठा.

"मी तुमच्या मागं उभा राहून एकेक शब्द म्हणेन," ते म्हणाले. "तोच तुम्ही परत म्हणायचा. दहा शब्द आहेत. आठ बरोबर आले की झालं."

आईनं त्यांच्या ओठांकडे बघत मान हलवली. डॉक्टर तिच्या मागे चार पावलांवर गेले आणि त्यांनी पुठ्ठा तोंडापुढे धरला.

मागच्या महिन्यात पलीकडच्या खात्यात यंत्राचा पट्टा सुटला होता. लोक ओरडले, एका बाईला ऐकू आलं नाही आणि तिचा हात मोडला. त्यावर वरून हुकूम आला की मागावरच्या प्रत्येकाचे कान तपासा, नापास होईल त्याचे माग काढून घ्या. आईच्या शेजारचे माग बघणाऱ्या घड्याळकाकूंनी हुकूम ऐकून कपाळावर हात मारला होता. त्यांच्याकडे घड्याळ कधीच नव्हतं, पण भोंगा व्हायला किती मिनिटं उरलीत ते त्या मागांच्या आवाजावरून बिनचूक सांगायच्या.

"ज्या खात्यात कानाशी तोफ उडवली तरी कळायचं नाही, तिथं कान तपासतायत! उद्या आंधळ्या कोशिंबिरीत डोळे तपासतील!"

सगळ्या हसल्या होत्या. आईही हसली होती, पण सगळ्यांच्या एक क्षण मागून.

माग सुरू झाले की त्या खात्यात आवाजाला काही अर्थच उरत नसे. आडवं सूत ओढणारे साडेतीनशे धोटे एकदम इकडून तिकडे धावायचे, जमीन तळपायांतून दातांपर्यंत थरथरायची. तिथं बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, फक्त शब्द तोंडानं नीट, मोठा घडवायचा. सहा माग सोडून उभी असलेली बाईसुद्धा तो बघून उत्तर द्यायची. सुतळी लहान असताना, तिला घरी ठेवायला कुणी नसलं की आई तिला सोबत आणून कापडाच्या गठ्ठ्यावर बसवायची. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं उतरायचं, त्यात कापसाचे कण तरंगत राहायचे, आणि त्या पांढुरक्या उजेडात बायकांची तोंडं हलायची. सासवांच्या तक्रारी, पोरांची दुखणी, थट्टामस्करी, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं. पोर सुतासारखी बारीक म्हणून 'सुतळी' हे नावही तिथंच कुणाच्या तरी ओठांवर पडलं होतं, आणि ते कानांनी ऐकण्याआधी तिनं डोळ्यांनी ऐकलं होतं. छत्र्या फाटकापाशी ठेवाव्यात तसा आवाजही बाहेर ठेवून आत यायचं असतं, असं तिला तेव्हा वाटायचं.

घरीही तसंच. वडील दूरच्या बंदरावर कामाला, घरात दोघीच. आई स्टोपाशी बसून गोष्ट सांगायची, राक्षस आला की डोळे मोठे करायची, आणि खोलीत स्टोची फरफर सोडली तर दुसरा आवाज नसे. शेजाऱ्यांना वाटायचं, या मायलेकींचं भांडण झालंय.

त्यामुळे सुतळीला कळायलाही उशीरच झाला. हिवाळ्यात एकदा तिच्या हातून पितळी पातेलं निसटलं आणि फरशीवर घणघणत गोल फिरत राहिलं. आई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. सुतळीनं पातेलं उचललं, जागेवर ठेवलं, आणि त्या दिवसापासून ती आईशी बोलायचं झालं की आधी वळसा घालून तिच्या समोर जाऊ लागली. आईनं त्याबद्दल काही विचारलं नाही. तिनंही नाही.

"पाणी," पुठ्ठ्यामागून डॉक्टर म्हणाले.

सुतळीनं ओठ हलवले.

"पाणी," आई म्हणाली. मोठ्यानं, एका सुरात, पाटीवरचं वाचावं तसं.

"खुर्ची."

"खुर्ची."

"बाजार." "बाजार." "दिवा." "दिवा."

कारकून मान खाली घालून वहीत बरोबरच्या खुणा करत होता. सुतळीच्या हातातला डबा घामानं निसरडा झाला होता. आपण आईकडे बघतोय असं दिसायला हवं आणि ओठ जेमतेम हलायला हवेत, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आईच्या मागे उभे असलेले डॉक्टर बरोबर आपल्यासमोर आहेत, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कंदील."

तिनं कंदील अगदी नीट घडवला. आईनं तो बघितला. बघितलाच. आणि म्हणाली,

"काय म्हणालात? परत सांगा ना."

"कंदील."

सुतळीनं पुन्हा सांगितला. आईनं मान हलवली. "नाही बाई. निसटला."

सहावा शब्द 'मावशी', तो आला. सातव्याच्या वेळी मात्र कारकून दौत आणायला उठला आणि नेमका दोघींच्या मधून गेला. त्याचं भलंमोठं पोट सरकून आई पुन्हा दिसायला लागली तेव्हा ती गप्प बसली होती आणि डॉक्टर "चुकला" म्हणत होते.

आता उरलेले तिन्ही यायला हवे होते. नाहीतर उद्यापासून आईचे चार माग दुसऱ्या कुणाचे तरी होणार. शहरात दुसरी गिरणी होती, पण कानानं गेलेल्या बाईला तिथं दारातही उभं केलं नसतं.

"पाखरू." "पाखरू."

"उंबरा." "उंबरा."

मग डॉक्टर थांबले. सुतळीनं वर बघितलं. त्यांनी पुठ्ठा खाली घेतला होता आणि ते थेट तिच्याकडेच बघत होते. चष्म्यामागचे डोळे थकलेले होते. त्यांचे ओठ हलले, सावकाश आणि मोठे.

जेवलीस का?

गेली सात-आठ वर्षं ती ओठांवरचं जसं पुढे देत आली होती, तसंच तिनं तेही दिलं. आईकडे बघून ओठ हलवले: जेवलीस का?

"मी?" आई मोठ्यानं म्हणाली. "नाही अजून. तू?"

कारकुनाचा टाक हवेतच थांबला.

तेव्हा कुठे सुतळीला उमगलं. या वेळी आवाज आलाच नव्हता. डॉक्टरांनी तो काढलाच नव्हता. शहरातलं दुसरं कुठलंही पोर गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिलं असतं, कान टवकारले असते. ज्या शब्दाला आवाज नाही तो शब्दच नाही, हे तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. कुणीही न बोललेल्या प्रश्नाला आईनं भर खोलीत उत्तर दिलं होतं. डबा खाली पडू नये म्हणून तिनं तो पोटाशी दाबला.

आईला तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी बिनसल्याचं कळलं. तिनं मांडीवरचे हात हळूच एकमेकांत गुंतवले आणि वाट बघत बसली.

"साहेब," कारकून खाकरला, "दहावा शब्द कुठला? मला ऐकूच नाही आला."

"तुम्हाला नाही आला. त्यांना आला," डॉक्टर म्हणाले.

"पण त्या तर काहीतरी भलतंच..."

"मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. लिहा. बरोबर."

"पण साहेब, मी इथं दोन हातांवर बसलोय आणि मला..."

"तेच म्हणतो मी. तुमचेही कान एकदा बघून घेऊ. पुढच्या आठवड्यात या."

कारकुनाचा चेहरा पडला. त्यानं मुकाट्यानं खूण केली. डॉक्टर पुढे आले, आईसमोर उभे राहिले, तिला आपलं तोंड पूर्ण दिसेल असे. "झालं, बाई. आठ आले. जा, डबा खाऊन घ्या." आणि सुतळीकडे न बघता दाराबाहेर हाक मारली, "पुढचं कोण?"

पुढच्या घड्याळकाकू होत्या. त्या पदर खोचत आत आल्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "डॉक्टर, भोंग्याला अकरा मिनिटं राहिलीत. जरा झटपट घ्या."

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. दारातून पिवळं ऊन आत आलं होतं आणि चाळीच्या जिन्यावर पोरं दंगा करत होती. सुतळी तिच्यासमोर बसली.

"कंदील का सोडलास?" तिनं ओठांनी विचारलं. "मी नीट सांगितला होता."

"दहाच्या दहा कुणाला ऐकू येतात गं? कारकुनाला शंका आली असती," आई म्हणाली, तीही ओठांनीच. "तो पोट घेऊन मधे कडमडेल हे मला काय माहीत!"

दोघी हसल्या. मग आईनं एक घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"त्या डॉक्टरांचा आवाज कसा आहे?"

सुतळीनं तिच्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत, कदाचित वर्षांत, हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच आला होता.

"जाड आहे. थोडा घोगरा. सर्दी झाल्यासारखा."

आईनं मान हलवली, जणू तिच्या मनात होता तसाच निघाला. कपडे संपले होते, तरी तिचे हात मांडीवर काहीतरी सारखं करत राहिले.

"आणि तुझा?" ती म्हणाली. "तू पाच वर्षांची होतीस तेव्हा अगदी बारीक होता. आता कसा आहे?"

सुतळीनं तोंड उघडलं. आपला आवाज कसा आहे याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. "आई," ती मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःच ऐकत राहिली. जिन्यावरच्या पोरांच्या गोंधळात तो वेगळा काढता येईना. तिनं पुन्हा म्हणून बघितलं. आई तिच्या गळ्याकडे बघत होती. मग तिनं हात पुढे करून दोन बोटं तिथं टेकवली, आणि सुतळी जे सुचेल ते बोलत राहिली, शाळेतलं, रस्त्यातलं, पाढेसुद्धा, बाहेरचं ऊन जिन्यावरून उतरून जाईपर्यंत.

डॉक्टर वर्षभरच राहिले. त्यांची दुसरीकडे बदली झाली, आणि ओठांचं बोलणं ते कुठं शिकले हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. घड्याळकाकू मुलाकडे राहायला गेल्या. तिथल्या शांततेत त्यांना वेळ कळेना, म्हणून मुलानं त्यांना खरंखुरं घड्याळ घेऊन दिलं, ते त्यांनी उशाखाली ठेवलं. कारकुनाचे कान त्या वेळी उत्तम निघाले. म्हातारपणी मात्र ते गेले, आणि तो आईकडे यायचा, समोर बसून ओठ वाचायला शिकायचा. फार सावकाश शिकला. आईनं आपले चार माग आणखी तेरा वर्षं चालवले, गिरणी बंद झाली त्या दिवसापर्यंत.

सुतळीला टेलिफोन केंद्रात नोकरी लागली. सुरुवातीला तिला फार जड गेलं; नुसते आवाज, समोर एकही तोंड नाही. पण कुठून कुठून बोलणारी माणसं कधी कधी म्हणायची, बाई, तुमचा आवाज छान आहे हो. घरी आल्यावर ती आईला ते सांगायची. कोण म्हणालं, कुठून म्हणालं, छान म्हणजे नेमका कसा म्हणालं, हे सगळं आई खोदून खोदून विचारायची. ज्या दिवशी कुणीच काही म्हणत नसे, त्या दिवशी सुतळी मनचं सांगायची. आईला ते तिच्या ओठांवरून कळत असणार. तरी ती पुढचं विचारायचीच.